लाडू नाहीसा होतो, पण त्याच्याबरोबर टेबलही हलते

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. दिवाळीच्या सुट्टीत आपण मुलांबरोबर एक मिनिटाचा स्टॉप मोशन व्हिडिओ, म्हणजे वस्तू थोडी थोडी हलवत काढलेले फोटो जोडून केलेला व्हिडिओ, करायला घेतला. फराळाच्या ताटातील पाच बेसनाचे लाडू एकेक करून नाहीसे होतात, शेजारची वाटी आपोआप सरकत जाते आणि सहावा लाडू हवेत तरंगत बाहुलीच्या तोंडापर्यंत पोहोचतो, अशी त्याची गोष्ट. फोन पुस्तकांच्या चळतीला टेकवून, खिडकीजवळच्या जेवणाच्या टेबलावर, दोन दुपारी मिळून आपण सुमारे ४०० फोटो काढले. ते जोडल्यावर उजेड लुकलुकतो, टेबल थरथरते आणि लाडू नाहीसा झाल्याऐवजी नुसता फोटो बदलल्यासारखे वाटते. आता पैसे भरून सॉफ्टवेअर घ्यावे की चांगला कॅमेरा घ्यावा, हे आपल्याला ठरवायचे आहे.

दोन्हीही घेऊ नका. मी गेली पंधरा-सोळा वर्षे जाहिरातींसाठी टेबलावरचे स्टॉप मोशन करतो आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांच्या कार्यशाळा घेतो. तिथे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची अडचण आपल्यासारखीच असते, मग हातात साधा फोन असो वा महागडा कॅमेरा. प्रेक्षकाला लाडू नाहीसा झाल्याचे पटते ते लाडवामुळे नव्हे. त्या दोन फोटोंमध्ये ताट, टेबल, भिंत, सावली आणि उजेड यांतले काहीही तसूभरही बदललेले नसते म्हणून पटते. आपल्या व्हिडिओत लाडवाबरोबर ताट दोन मिलिमीटर सरकले, टेबलाचा कोपरा हलला आणि खोली थोडी उजळली. नजरेला एकाच वेळी चार बदल दिसले की मन जादू मानत नाही, फोटो बदलला असे मानते. म्हणून आपला खरा प्रश्न लाडू कसा नाहीसा करावा हा नसून बाकीचे सगळे जागच्या जागी कसे ठेवावे हा आहे.

ही युक्ती चित्रपटाइतकीच जुनी आहे. १८९५ साली एडिसनच्या कंपनीने स्कॉटलंडच्या राणी मेरीच्या शिरच्छेदाचे दृश्य कॅमेरा थांबवून आणि नटाच्या जागी पुतळा ठेवून घेतले होते. त्यानंतर पॅरिसमध्ये जादूगार आणि चित्रपटकार जॉर्ज मेलिएस यांनी हाच प्रकार जादूच्या खेळांसाठी शेकडो वेळा वापरला. रस्त्यावर चित्रण करताना कॅमेरा अडकला आणि पडद्यावर बसगाडीची शववाहिनी झाली, असा किस्सा ते स्वतः सांगत. मला त्या किश्शापेक्षा त्यांची पुढची मेहनत महत्त्वाची वाटते, कारण कॅमेरा नुसता थांबवून त्यांचे भागत नसे. ते नंतर फिल्मची पट्टी कापून, नेमक्या जागी जोडून तो क्षण बेतत. आपल्याकडे दादासाहेब फाळके तर स्वतःच जादूचे प्रयोग करीत आणि आडनाव उलटे फिरवून ‘प्रोफेसर केळफा’ हे नाव लावीत. १९१२ साली त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी चित्रित केली. ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल मिळवताना ती छोटी फिल्म त्यांच्या उपयोगी पडली. पुढे त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्याही नाचवल्या. वाटाण्याच्या त्या फिल्ममध्ये रोपाने हलायचे आणि कुंडीने हलायचे नाही, एवढाच नियम होता, आणि आपल्या लाडवांनाही तोच लागू आहे.

पुढे जे सांगतो त्यातले काही आपल्या परिस्थितीवर अवलंबून आहे, हे आधीच सांगून ठेवतो. आपल्या फोनच्या कॅमेऱ्यात कोणत्या गोष्टी हाताने ठरवता येतात, खोली कितपत अंधारी करता येते आणि मुलांची वये काय आहेत, हे मला माहीत नाही. सात वर्षांचे मूल चाळीस मिनिटांत कंटाळते, बारा वर्षांचे दोन तास बसते, आणि त्यावर गोष्ट किती लांब असावी हे ठरते.

लुकलुकण्यापासून सुरुवात करू. दुपारी खिडकीतून येणारा उजेड आपल्याला स्थिर वाटतो, कारण आपला डोळा त्याच्याशी जुळवून घेत असतो. दोन तासांत काढलेले दीडशे फोटो दहा-बारा सेकंदांत दाखवले, की वाटेत आलेला प्रत्येक ढग ठोका पडल्यासारखा दिसतो. म्हणून खिडकी पूर्ण बंद करावी, पडद्यावर जाड चादर टाकावी, अथवा सरळ रात्री काम करावे. मी घरी रात्रीच करतो. दोन टेबललॅम्प पुरतात: एक डाव्या बाजूने थोडा वरून आणि दुसरा उजवीकडच्या पांढऱ्या भिंतीवर अथवा कार्डशीटवर सोडलेला, म्हणजे सावली मऊ राहते. उजेड कमी-जास्त करण्याचे बटण असलेला दिवा टाळावा, कारण मंद केलेले एलईडी दिवे बऱ्याचदा कॅमेऱ्यात फडफडतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे त्यावर चालणारे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटरचा वेग, म्हणजे एका फोटोसाठी कॅमेरा उजेड आत घेतो तो काळ, सेकंदाचा पन्नासावा किंवा पंचविसावा भाग ठेवला, तर प्रत्येक फोटोत अशी पूर्ण आवर्तने सामावतात आणि फोटो सारखे उजळतात. वस्तू स्थिर असल्यामुळे इतक्या संथ शटरने काहीही बिघडत नाही.

लुकलुकण्याचे दुसरे कारण फोनचा शहाणपणा हे आहे. फोन प्रत्येक फोटोआधी उजेड नव्याने मोजतो, रंग नव्याने ठरवतो आणि फोकसही नव्याने लावतो. पिवळा लाडू ताटातून गेला की त्याच्या दृष्टीने दृश्य बदलले, आणि फोन सगळ्या चित्राचा रंग थोडा बदलून टाकतो. फोनमध्ये ‘प्रो’ मोड असेल तर शटर, आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील), व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) आणि फोकस हे चारही आकडे हाताने ठरवावेत आणि शेवटपर्यंत त्यांना हात लावू नये. तो मोड नसेल तर पडद्यावर बोट दाबून धरल्यावर बऱ्याच फोनमध्ये फोकस आणि एक्स्पोजर (चित्राचा उजळपणा) कुलूपबंद होतात. मात्र फोन आला किंवा पडदा विझला की ते कुलूप सुटू शकते. त्यामुळे फोन विमान मोडवर ठेवावा, पडदा विझण्याची मुदत वाढवावी आणि चार्जर लावूनच बसावे.

तिसरे कारण आपण स्वतः असतो, आणि ते सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. एकदा एका वाटीचे दृश्य चित्रित करताना मला दर चार-पाच फोटोंनंतर एक फोटो उजळ मिळत होता आणि मी तासभर दिव्यांची वायर तपासत बसलो. शेवटी कळले, की माझा सहकारी पांढरा सदरा घालून आला होता आणि तो टेबलाजवळ उभा राहिला की त्याच्या सदऱ्यावरचा उजेड ताटावर पडत होता. तेव्हापासून आम्ही गडद कपडे घालतो आणि फोटो काढताना प्रत्येक वेळी त्याच जागी जाऊन उभे राहतो. स्टीलची वाटी तर याहून चहाडखोर असते, कारण खोलीतला दिवा, फोन आणि वाकून बघणारी मुले सगळे तिच्या पोटात दिसतात. आपण चिनी मातीची वाटी घ्यावी. स्टीलचीच हवी असेल, तर तिच्यावर कोरड्या कापसाने टाल्कम पावडरचा पुसट थर फिरवावा. चमक मरते आणि फोटोत पावडर दिसत नाही.

आता थरथरण्याकडे येऊ. पुस्तकांच्या चळतीला टेकवलेला फोन बोट लागताच हलतो, आणि चळत त्याच टेबलावर असेल तर आपण टेबलाला टेकलो तरीही हलतो. साधा ट्रायपॉड जमिनीवर ठेवून त्याचे तिन्ही पाय चिकटपट्टीने फरशीला चिकटवावेत, टेबलाचा डुगडुगणारा पाय कागदाची घडी घालून पक्का करावा आणि मुलांच्या खुर्च्या टेबलापासून हातभर मागे ओढाव्यात. पडद्यावरचे बटण दाबू नये. ब्लूटूथ रिमोट, वायरच्या इअरफोनचे आवाजाचे बटण किंवा दोन-तीन सेकंदांचा टायमर यांपैकी जे चालेल ते वापरावे. टेबलावर कापड अंथरले असेल तर ते काढून टाकावे, कारण सुरकुती दर फोटोला जागा बदलते. त्याऐवजी मोठा कार्डशीट चारही कडांनी चिकटवावा. ताट, बाहुली आणि जे जे हलायचे नाही ते सगळे खालून दुहेरी चिकटपट्टीने बसवावे. आपल्या व्हिडिओतले ताट लाडू उचलतानाच सरकले असणार, यात मला शंका नाही.

एवढे झाले, की नाहीसे करण्याची जादू सोपी राहते, तरीही तिला थोडी कलाकुसर लागते. लाडू असलेला फोटो आणि नसलेला फोटो असे दोनच फोटो एकापुढे एक ठेवले, तर काय झाले हे कळण्याआधीच ते होऊन जाते. म्हणून त्या लाडवाकडे आधी लक्ष वेधावे लागते. चार फोटोंमध्ये लाडू दोन-दोन मिलिमीटर डावीकडे-उजवीकडे हलवला, की तो घाबरून थरथरल्यासारखा दिसतो. त्यानंतर पुढच्या तीन फोटोंमध्ये त्याच्या जागी क्रमाने लिंबाएवढा, सुपारीएवढा आणि वाटाण्याएवढा लाडू ठेवावा आणि मग जागा रिकामी करावी. लाडू आकसून फुसकन गेल्याचा भास होतो. हे छोटे लाडू आधीच वळून ओळीने तयार ठेवावेत. लाडू गेल्यानंतर रिकाम्या जागेचे निदान आठ-दहा फोटो घ्यावेत. मुले या ठिकाणी घाई करतात आणि पुढचा लाडू लगेच उचलतात, त्यामुळे पहिली जादू बघणाऱ्याच्या मनात बसतच नाही.

इथे बेसनाच्या लाडवाबद्दल एक व्यावहारिक तक्रार करतो. दिव्याच्या उबेने त्याचे तूप सुटते, तासाभरात तो बसतो आणि उचलल्यावर ताटात चुरा व तुपाचा गोल डाग मागे ठेवतो. तो डाग पाहिला, की लाडू नाहीसा झाला नाही, कोणीतरी उचलला, हे बघणाऱ्याला लगेच कळते. प्रत्येक लाडवाखाली त्याच्याहून लहान, वरून न दिसणारी बटर पेपरची चकती ठेवावी आणि लाडवाबरोबर तीही चिमट्याने काढावी. पाकातल्या रव्याचा लाडू याबाबतीत गुणी आहे, तो दगडासारखा राहतो. रंगीत खेळण्याच्या मातीचे लाडू सर्वांत सोयीचे, पण मग मुलांना काम संपल्यावर काहीच मिळत नाही. खरे लाडू रात्रभर मात्र ठेवू नयेत. एका कार्यशाळेत आम्ही ते धाडस केले आणि सकाळच्या फोटोंत मुंग्यांची रांग ताटाच्या काठावरून उड्या मारत जाताना दिसली. मुलांना तोच भाग सर्वांत आवडला, हे वेगळे.

वाटी सरकवताना प्रश्न वेगाचा येतो. सेकंदाला १२ फोटो हा घरच्या कामासाठी योग्य दर आहे. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमने चालतो आणि तिथेही कित्येकदा एकेक चित्र दोन फ्रेमसाठी धरतात, म्हणजे हिशेब १२ चाच होतो. दर फोटोला वाटी एक सेंटिमीटर सरकवली, तर ती सेकंदाला १२ सेंटिमीटर जाते. पण पहिल्या फोटोपासून शेवटच्या फोटोपर्यंत सारखेच अंतर ठेवले, तर वाटी सरकत्या पट्ट्यावरच्या सामानासारखी निर्जीव दिसते. तिला स्वतःची इच्छा आहे असे वाटायला हवे असेल, तर सुरुवातीला दोन, चार, सात मिलिमीटर असे वाढवत न्यावे, मध्ये दहा-बारा मिलिमीटर ठेवावेत आणि थांबताना पुन्हा सात, चार, दोन असे उतरवावे. निघण्याआधी दोन फोटोंत ती तीन मिलिमीटर मागे घ्यावी. क्रिकेटमध्ये फलंदाज फटक्याआधी बॅट मागे नेतो तसे. ही अंतरे डोळ्यांनी मोजू नयेत. कागदाच्या पट्टीवर आधीच खुणा करून ती पट्टी वाटीला लावावी, वाटी पुढच्या खुणेवर आणावी आणि पट्टी काढून मग फोटो घ्यावा. घाईचे दृश्य असेल तरीही एका फोटोत वाटी स्वतःच्या निम्म्या रुंदीपेक्षा जास्त सरकवू नये. त्यापुढे डोळा दोन जागा जोडत नाही आणि वाटी धावण्याऐवजी इकडून तिकडे प्रकट होते.

तरंगणाऱ्या लाडवासाठी आपण दोरा वापरला असे लिहिले आहे. दोरा नको. लाडू फिरत राहतो, झोका थांबेपर्यंत दर फोटोला वाट बघावी लागते आणि दोरा शेवटी दिसतोच. दोन मार्ग सुचवतो. पहिल्यात कॅमेरा समोरून न लावता वरून खाली रोखायचा. जमिनीवर कार्डशीट अंथरून त्यावर भिंत, खिडकी आणि टेबलाची कड रंगवावी, बाहुली आडवी झोपवावी आणि फोन दोन खुर्च्यांवर आडव्या टाकलेल्या, घट्ट बांधलेल्या फळीवरून खाली बघेल असा लावावा. आता जमिनीवरून सरकणारा लाडू हवेत तरंगताना दिसतो आणि आधार लपवण्याचा प्रश्नच उरत नाही. लाडू घरंगळू नये म्हणून त्याच्या पोटाखाली मातीचा चण्याएवढा गोळा लावावा. याच पद्धतीने पांढऱ्या चादरीवर झोपलेले मूल आकाशात उडवता येते. माझ्या कार्यशाळेत मुलांना ही जादू हमखास जमते, आणि लहान मुले असतील तर मी हाच मार्ग निवडतो.

दुसरा मार्ग समोरून चित्रण करण्याचा आहे आणि त्याला थोडी संगणकाची मदत लागते. आधी लाडू आणि आधार दोन्ही नसलेला रिकाम्या दृश्याचा एक फोटो घ्यावा. मग लाडू जाड तारेवर टोचून, तारेचे दुसरे टोक मातीच्या गोळ्यात रोवून, दर फोटोला त्याची जागा बदलत जावी. नंतर लाडवाचा प्रत्येक फोटो रिकाम्या फोटोवर ठेवून जिथे तार आहे तेवढा भाग पुसला, की खालचा रिकामा फोटो दिसतो आणि तार जाते. कॅमेरा आणि उजेड खरोखर स्थिर असतील तरच हे जमते. पुसलेल्या भागाची कड दिसली, तर दोष पुसण्याचा नसून उजेडाचा आहे असे समजावे. तारेची सावलीही पुसावी, लाडवाची मात्र ठेवावी. सावलीशिवाय तरंगणारा लाडू चिकटवलेल्या चित्रासारखा दिसतो. संगणकावर डाविंची रिझॉल्व्ह हे व्हिडिओ संपादनाचे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते आणि त्यात हे काम होते, पण तीस-चाळीस फोटोंची तार पुसायला एक संध्याकाळ जाते, हे धरून चालावे.

आपल्या गोष्टीत नसलेली, पण मुलांना फार आवडणारी एक युक्ती म्हणजे उलटा क्रम. शेंगदाण्यांनी ताटात नाव लिहावे, मग दर फोटोला एकेक शेंगदाणा उचलत जावे आणि शेवटी फोटो उलट्या क्रमाने लावावेत. शेंगदाणे येऊन नाव लिहितात. हे सरळ क्रमाने केले, तर अक्षरे वाकडी होतात आणि शेवटचा दाणा बसवताना आधीचे सरकतात. चुऱ्यातून अख्खा लाडूही असाच उभा राहतो. घरातल्या माणसाने चुटकी वाजवल्यावर काही नाहीसे करायचे असेल तेव्हा मात्र फोटो काढत बसू नये. सरळ व्हिडिओ चालू ठेवावा, चुटकी वाजताच माणसाने पुतळ्यासारखे थांबावे, दुसऱ्याने लाडू उचलून बाजूला व्हावे आणि माणसाने पुढे हालचाल करावी. नंतर मधला तुकडा कापून टाकला, की मेलिएस यांची पद्धत तयार.

सॉफ्टवेअरबद्दल थोडेच सांगायचे आहे. फोनच्या गॅलरीत जोडलेले फोटो सहसा प्रत्येकी कित्येक सेकंद टिकतात आणि तो काळ कमी करायला गेले तर अडते, म्हणून आपला व्हिडिओ अडखळत चालत असावा. स्टॉप मोशन स्टुडिओसारख्या ऍपची विनामूल्य आवृत्ती आपल्याला पुरेल. त्यात आधीच्या फोटोची पुसट छाया पडद्यावर दिसते, त्यामुळे चुकून धक्का लागलेले ताट पुन्हा नेमक्या जागी आणता येते. नंतर दुसरीकडे संपादन करणार असाल, तर तिथला दर तपासावा; सेकंदाला ३० फ्रेमच्या व्हिडिओत १२ फोटो समान भागांत बसत नाहीत, तिथे १० किंवा १५ धरावेत.

एका मिनिटाचा हट्ट मात्र सोडावा. १२ च्या दराने एका मिनिटाला ७२० फोटो लागतात, आणि माझ्या हाताला सवय असूनही दहा सेकंदांच्या, म्हणजे १२० फोटोंच्या, टेबलावरच्या दृश्याला मांडणीसकट दीड-दोन तास लागतात. आपली गोष्ट वीस सेकंदांत छान बसते. पाचऐवजी तीन लाडू नाहीसे करा, दुसरा पहिल्यापेक्षा लवकर आणि तिसरा अनपेक्षितपणे बाहुलीच्या मागे प्रकट होईल असा ठेवा. कामाला बसण्याआधी काहीही न हलवता बारा फोटो काढून ते चालवून बघा. ते एकच स्थिर चित्र वाटले, तर मुलांना बोलवा. त्यात काहीही हलताना किंवा लुकलुकताना दिसले, तर ते सापडेपर्यंत लाडवाला हात लावू नका.

आधी काढलेल्या ४०० फोटोंचे काय करावे, हेही आपण विचारले होते. ते पुसून टाकू नका. टेबलाचे थरथरणे फोटो एकमेकांवर जुळवून आणि कडा थोड्या कापून बरेच कमी करता येते, त्यामुळे वाटीचे दृश्य बहुधा वाचेल. लाडवांचे वाचणार नाही, कारण तिथे ताट वेगळे सरकले आहे आणि टेबल वेगळे. एक जुळवले की दुसरे सुटते. तेवढे पुन्हा घ्यावे लागेल, आणि त्यासाठी लाडू थोडे जास्तच करावे लागतील, कारण मुले टेबलाशेजारीच बसलेली असणार.